मालदांडीवर रिसर्च करायचाय, मग अ‍ॅग्री की बायोटेक?

मंगळवेढ्याहून आलेला तुझा मेल वाचला. बारावी सायन्सला आहेस, घरची मालदांडी ज्वारी आहे, आणि पाऊस नसताना ती तग कशी धरते, त्यात हार्मोन्सचा रोल काय, त्यावर करिअर होतं का असं विचारलंयस, वर वडील म्हणतात अ‍ॅग्री करून शेवटी खताचं दुकानच टाकशील, त्यापेक्षा पुण्यात बायोटेक कर. माझं मत स्पष्ट आहे, बीएस्सी अ‍ॅग्री कर आणि एमएस्सीला प्लांट फिजिओलॉजी घे, म्हणजे झाडाचं आतलं काम कसं चालतं त्याचा अभ्यास.

रब्बी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते हे तुला सांगायला नको. ती ओल उतरायला लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड म्हणजे एबीए हे हार्मोन वाढतं. पानावर बारीक छिद्रं असतात, प्रत्येकाला दोन गार्ड सेल्स, एबीए पोचलं की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, त्या सैल पडतात आणि छिद्र बंद. पाणी वाचलं. पण कार्बन डायऑक्साइडही तिथूनच आत येतो ना, मग अन्न बनणंही कमी होतं, आणि नेमकं पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, किंवा दाणे भरताना हे झालं की कणीस हलकं. म्हणून नुसतं एबीए वाढवून भागत नाही, कधी आणि किती हा खरा प्रश्न. त्यात बाकीची हार्मोन्सही आहेत, सायटोकायनिन पानं हिरवी ठेवायला बघतं, ऑक्सिन मुळांची दिशा ठरवतं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी भातात डीआरओ१ हा जीन दाखवला, त्याच्यामुळे मुळं खोल जातात आणि दुष्काळात दाणे चांगले भरतात, आणि त्या जीनवर कंट्रोल ऑक्सिनचाच. एबीए ओळखणारे रिसेप्टर्स तर २००९ ला हाती लागले, म्हणजे काम भरपूर बाकी आहे.

आता बायोटेक वाईट नाही, पण जीन लॅबमध्ये कळला तरी तो रानात काय करतो हे बघायला शेती कळणारा माणूस लागतो, आणि ते तुझ्याकडे घरातूनच आलंय. राहुरी, परभणी, अकोला, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठात सीईटीवरून अ‍ॅडमिशन होते. पुढे बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर, म्हणजे दुष्काळ, उष्णता असल्या गोष्टींवर, काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, हैदराबादला भरडधान्यांची आहे, शिवाय बियाणे कंपन्या आहेत. वडिलांना एक गोष्ट खरी सांग, चार वर्षं बीएस्सी, दोन एमएस्सी, वर पीएचडी, म्हणजे शास्त्रज्ञ व्हायला दहाएक वर्षं जाणार आणि पैसा उशिरा दिसणार. हे आत्ताच बोललेलं बरं, नंतर घरात कटकट होते.

आणि जानेवारीत ज्वारी उभी असताना त्यांना घेऊन मोहोळच्या संशोधन केंद्रावर जा, आधी फोन करून विचार. मालदांडी ३५-१ या वाणाची निवड तिथलीच. पाणी न दिलेल्या प्लॉटमध्ये कुठल्या वाणाची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात ते दोघं मिळून बघा, आणि मग मला परत लिही.