व्हीगन आहारात (मांस-अंडी तर नाहीतच, दूध-तूपही नाही) प्रथिनं कमी पडतात का?

प्रथिनांची काळजी सोडा. डाळी, सोयाबीन, दाणे पोटभर आणि आलटूनपालटून खाल्ले की बहुतेकांचं भागतं. खरी अडचण बी१२ या जीवनसत्त्वाची, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

माझी आई जन्मभर शाकाहारी, दूधही बेताचंच. आधी तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग एकदा ती घरात आली ती एकाच चपलेनिशी. दुसरी उंबऱ्याबाहेर निसटली होती, आणि हिला पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. हिमोग्लोबिन चांगलं होतं, त्यामुळे पुढे कुणी काही बघेना. शेवटी मीच हट्टाने बी१२ तपासायला लावलं. रक्तात ते मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की साधारणपणे कमतरता धरतात. तिचं त्याच्याही बरंच खाली होतं. पालेभाज्या-डाळींतून फोलेट (ज्याचं गोळीतलं रूप म्हणजे फॉलिक ॲसिड) भरपूर मिळतं, ते रक्त सावरून धरतं आणि आत मज्जातंतूंची नासाडी चालूच राहते. शिवाय यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. म्हणूनच नवे व्हीगन सुरुवातीला छातीठोकपणे सांगतात, आम्हाला काही होत नाही.

आईला इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा मामा म्हणाला, "ज्या आहाराला गोळी लागते, तो आहारच अपुरा." हे मला आजही पटत नाही. बी१२ ना झाडं बनवतात ना प्राणी, ते बनवतात जिवाणू. गाईच्या पोटातले जिवाणू त्यासाठी कोबाल्ट वापरतात, आणि जिथे जमिनीतच तो कमी तिथे गाईच्या खाद्यातही घालावा लागतो. मग माणसाने गोळी घेतली तर त्यात कमीपणा कसला? प्रौढ माणसाला दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम लागतं, पण ते लागतंच. स्पिरुलिनाच्या (निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पावडरीच्या) भरवशावर तर मुळीच राहू नका; त्यातलं बी१२ बहुतांशी आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं.

हो, एक राहिलं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर बी१२ कमी शोषलं जाऊ शकतं, तेव्हा मांसाहारी असलात तरी तपासून घ्या. अशक्तपणा वाटतो म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड घेत बसू नका. आणि गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई व्हीगन असेल तर डॉक्टरांना विचारून बी१२ घ्यायलाच हवं, कारण तिथे बाळाच्या मेंदूचा प्रश्न असतो.