ग्रीसच्या १ युरोवरचं घुबड

युरोपची नाणी जमवायला आत्ताच सुरुवात करताय ना, तर आधी ग्रीसचं १ युरो मिळवा. स्वस्त आहे आणि पाहण्यासारखं भरपूर आहे. त्यावर नुसतं घुबड नाही, अख्खं जुनं नाणं कोरलंय: इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातलं अथेन्सचं चांदीचं टेट्राड्राख्म (चार ड्राख्मांचं नाणं; ड्राख्म म्हणजे ग्रीसचं जुनं चलन). घुबड म्हणजे अथेन्सच्या अथीना देवीचा पक्षी (आपल्याकडे बिचाऱ्याला अशुभ ठरवलंय). शेजारची फांदी ऑलिव्हची, तीही तिचीच. भिंग घेऊन बघाच. मला तरी हे युरोच्या सगळ्या नाण्यांत सरस वाटतं.

२००२ च्या काही नाण्यांवर कडेच्या एका ताऱ्यात बारीक ‘एस’ दिसेल. ती नाणी फिनलंडमध्ये पाडली होती. ऑनलाइन विक्रेते त्याला ‘दुर्मिळ’ म्हणून हजारो रुपये सांगतात. अजिबात देऊ नका, तशी कोट्यवधी नाणी निघाली आहेत. मागच्या बाजूचा नकाशाही तपासा, २००७ पासून तो बदललाय. दोन्ही प्रकार ठेवा.

आणि हो, चिंच किंवा पितांबरी लावून नाणं चकचकीत करू नका. पॉलिश केलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाहीत.