घटना, संविधान आणि ‘दुरुस्ती’

प्रश्न असा आहे : वर्तमानपत्रात एका बातमीत ‘घटनेने दिलेला हक्क’ आणि शेजारच्या बातमीत ‘पोलीस घटनास्थळी’. हा एकच शब्द का? आणि ‘घटनादुरुस्ती’ म्हणजे काही मोडलं होतं का? त्यापेक्षा हिंदीतलं ‘संविधान संशोधन’ बरं नाही का?

शब्द एकच, संस्कृत ‘घट्’ धातूचा. मूळ अर्थ जुळवणी, बांधणी. ‘अघटितघटनापटीयसी माया’, म्हणजे न घडणारं ते घडवण्यात पटाईत माया, यातली घटना तीच. आपलं ‘घडणं’ही त्याच कुळातलं : प्रसंग घडतो आणि दागिना घडवतात. पोलिसांच्या वाट्याला पहिली घटना आली, वकिलांच्या वाट्याला दुसरी. गणेश मंडळालाही घटना असते. देशाची ती राज्यघटना, पण बोलताना ‘राज्य’ गळतं. ‘घटनेचे शिल्पकार’ कानाला इतकं चपखल लागतं ते या घडवण्यामुळेच.

बरं, ‘संविधान’ घेतलं म्हणून गोंधळ टळतो असंही नाही. नाटकाच्या चर्चेत ‘संविधानक’ म्हणजे कथानकाची बांधणी. म्हणजे घटनांचं संविधानक होतं आणि संविधानाला आपण घटना म्हणतो!

आता दुरुस्ती. ती फक्त पंख्याची किंवा नळाची नसते. सातबाऱ्यावरच्या नावाची दुरुस्ती करतात तेव्हा कागद फाटलेला नसतो, त्यावरचा मजकूर बदलायचा असतो. घटनेतली दुरुस्ती याच जातीची. पहिली १९५१ सालीच झाली, २०२३ पर्यंत १०६ झाल्या. कधी दुरुस्तीचीही दुरुस्ती करावी लागते : १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचावर आणली.

‘संशोधन’ मात्र मराठीत नको. हिंदीत त्याचा अर्थ सुधारणा. आपल्याकडे संशोधन प्रयोगशाळेत चालतं, नाहीतर पीएचडीसाठी. ‘संसदेत संविधान संशोधन मंजूर’ वाचून मला खासदार जुनी दफ्तरं चाळताना दिसतात.

किती बदलता येतं, याला मराठीत फार चांगला शब्द रुळलाय : ‘मूलभूत चौकट’. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला, की संसद कुठलाही अनुच्छेद बदलू शकते, पण या चौकटीला धक्का लावता येणार नाही. ‘मूलभूत संरचना’ही लिहितात, पण चौकट म्हटलं की सुताराचं काम डोळ्यांपुढे येतं. फळ्या बदला, कडी बदला, रंग द्या. चौकट उखडली तर दारच राहत नाही. एका मताने टिकलेली चौकट, हेही विसरू नये.

लिहिताना मी असं करतो : ग्रंथाचं नाव आलं की ‘भारताचे संविधान’, कारण अधिकृत मराठी प्रतीवर तेच आहे. एरवी राज्यघटना. शेजारी अपघाताची बातमी असेल तर ‘राज्य’ गाळत नाही. आणि घटनाबाह्य, घटनापीठ, घटनादुरुस्ती हे जोडशब्द आहेत तसेच ठेवतो. ‘संविधानबाह्य’ म्हणून पाहिलं, जीभ अडखळते.