दारूच्या केसची शिक्षा आणि गाडीचा विमा

आपले पत्र आणि सोबतच्या कागदांच्या प्रती वाचल्या. पेडण्याहून हळदीचा कार्यक्रम आटोपून सावंतवाडीला परतताना बांद्याच्या पुढे गाडी एका मोरीच्या कठड्याला घासली, नंतर इन्सुली नाक्यावर पोलिसांनी ब्रेथ अ‍ॅनलायझर लावला तेव्हा 100 मिलिलिटर रक्तात 74 मिलिग्रॅम मद्य असा आकडा आला, आपण न्यायालयात गुन्हा कबूल करून 10,000 रुपये दंड भरला आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झाले. आता पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तोंडावर हप्ता वाढेल का, आणि एजंट सुचवतो त्याप्रमाणे गाडी मागच्या आठवड्यात घासली असे सांगून 38,000 रुपयांचा दावा करावा का, असे आपण विचारता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता केंद्र सरकार ठरवते आणि त्यात मालकाच्या शिक्षेचा विचार होत नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता मात्र कंपनी स्वतः जोखीम पाहून ठरवते. वाहतूक नियम मोडणाऱ्यांना गुण लावून जादा हप्ता घ्यावा आणि त्यात मद्यपानाला सर्वाधिक, म्हणजे 100 गुण असावेत, अशी शिफारस विमा नियामकाच्या कार्यगटाने 2021 मध्ये केली होती. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, केवळ शिक्षा झाल्यामुळे जात नाही, तो दावा घेतल्यामुळे जातो. फॉर्ममध्ये शिक्षेबद्दल प्रश्न असेल तर उत्तर खरेच द्या, कारण तिथले खोटे उत्तर पुढे एखाद्या रास्त दाव्याच्याही आड येऊ शकते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल. पॉलिसीतील ओन डॅमेजच्या भागात अशी अट असते की मालक किंवा त्याच्या संमतीने गाडी चालवणारा मद्याच्या अमलाखाली असताना झालेले नुकसान कंपनी भरून देणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि आपला आकडा तिच्या दुपटीहून अधिक आहे. चाचणी झाली नसती तरी कंपनीला इतर परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये इफ्को टोकियो या विमा कंपनीच्या प्रकरणात म्हटले आहे. तिथे चाचणीचा अहवाल नव्हता, आपल्याकडे तर चाचणीही आहे आणि कबुलीही. कलम 185 चा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, त्याला न्यायालयातच जावे लागते. ‘दंड भरून मोकळे होऊ’ असा विचार करताना हीच कबुली विमा कंपनीच्या हातात जाते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

राहिली एजंटची युक्ती. आपणच पाठवलेल्या पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर ‘डाव्या बाजूच्या हेडलाइटची काच फुटलेली, बंपर घासलेला’ अशी नोंद आहे आणि खाली तारीख व वेळ आहे. कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, हा कागद मागवणार नाही असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. दावा तर फेटाळला जाईलच, शिवाय तारीख बदलून पैसे मागणे म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणुकीचा आरोप ओढवून घेणे होईल, आणि तेव्हा तो एजंट आपल्या बाजूला उभा नसेल. हा खर्च आपल्याच खिशातून करावा हे बरे. आपला बोनसही त्यामुळे शाबूत राहील.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. आंब्याचा हंगाम आहे, बागेपर्यंत दोन मैलांचीच खेप आहे, म्हणून निलंबनाच्या काळात स्वतः गाडी काढू नका. त्यासाठी कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या काळात कुणी जखमी झाला, तर वैध लायसन्स नव्हते हा बचाव कंपनी घेईल, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने तिला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली, तर ती रक्कम आपल्या बागेवर बेतू शकते. लायसन्स असलेल्या मुलाला गाडी चालवू द्या. पॉलिसीची मुदत संपण्यापूर्वीच तिचे नूतनीकरण करा, कारण ती 90 दिवसांहून अधिक काळ खंडित राहिली तर साठलेला बोनस जातो, आणि विम्याविना गाडी रस्त्यावर आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. निकालाची प्रमाणित प्रत व दंडाची पावती फाइलमध्ये ठेवा.