फायबरच्या मोहात पडण्याआधी

जमिनीखाली साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर कृत्रिम भूकंपलहरींनी नजर ठेवायला विहिरीत ऑप्टिकल फायबरची केबल सोडतात. त्या फायबरचा डेटा पहिल्यांदा उघडलास की हरखून जाशील. एका विहिरीत हजारभर सेन्सर! पण आधी स्लाइपनर या कार्बन साठवण प्रकल्पाबद्दल नीट वाच. नॉर्वेजवळ समुद्रतळाखालच्या उत्सिरा वालुकाश्मात 1996पासून वर्षाला साधारण 10 लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. लहरींच्या चित्रांत त्याचे नऊ थर वेगळे दिसले ते 1994चं, गॅस सोडण्याआधीचं सर्वेक्षण तुलनेला हाताशी होतं म्हणून. ती संधी हुकली की हुकली.

आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत फरक ठळक दिसला म्हणजे गॅस भरपूर, असं मात्र समजू नकोस. खाऱ्या पाण्याने भरलेल्या खडकात थोडासा गॅस शिरला तरी पी-लहरींचा (खडक दाबत-ताणत पुढे जाणाऱ्या लहरींचा) वेग धाडकन उतरतो, मग आणखी कितीही भरा, फारसा हलत नाही. (गॅस ठिगळाठिगळांनी पसरला असेल तर हिशेब निराळा.) म्हणजे ‘कुठे’ला उत्तर मिळतं, ‘किती’ला अडखळत.

फायबरला फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेचा ताण कळतो. केबलवर काटकोनात आदळणारी पी-लहर त्याला जवळपास ऐकूच येत नाही. केबल केसिंगमागे (विहिरीच्या पोलादी अस्तरामागे) सिमेंटमध्ये पक्की बसलेली उत्तम. ट्यूबिंगला (केसिंगच्या आतल्या नळीला) बांधलेली असेल तर गोंगाट सोसायची तयारी ठेव. आणि कुठला चॅनल (फायबरवरचा एकेक मोजणीचा बिंदू) किती खोलीवर, हे स्वतः तपास. माझा पहिला महिना त्यातच वाया गेला होता.

जमलं तर ऑस्ट्रेलियातल्या ऑटवे या कार्बन साठवण प्रकल्पाचं काम बघ: विहिरींत फायबर, जमिनीवर कायमचे बसवलेले, लहरी निर्माण करणारे कंपक. दर वेळी जमीन हादरवणारा ट्रक आणायची कटकटच नाही.