बावीस माणसं, बावीस गिफ्टं

प्रश्न : ताई, आम्ही वसईचे. सासर मोठं आहे, नाताळला बावीस जण जमतो आणि गेली पाच-सहा वर्षं सगळ्यांनी सगळ्यांना काहीतरी द्यायचं असं सुरू झालंय. मागच्या वर्षी माझे अठरा हजार गेले, आणि परत काय आलं तर चार कॉफी मग, तीन परफ्यूम नि एक डिनर सेट, जो मीच दोन वर्षांपूर्वी जावेला दिला होता! मला हे कमी करून पैसे गरजूंना द्यायचेत, पण बोलले तर नणंदा म्हणतील की खर्च टाळायला हिला आता धर्म आठवला. कसं बोलू?

उत्तर : डिनर सेटचं वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले. तो सेट अजून पॅकबंद असेल तर तुमच्या नंतर पण तो दोन घरं फिरेल बघा.

आधी हिशेब करा. बावीस जणांनी खरंच एकमेकांना गिफ्ट दिली तर ४६२ पाकिटं होतात. पोरं देत नाहीत, फक्त घेतात, म्हणून कमी धरा, तरी तेवढा रॅपिंग पेपर कुठल्या घरात मावणारे? मी पण वसईचीच. आमच्या लहानपणी नाताळ म्हंजे कपड्यांचा एक नवा जोड, मध्यरात्रीची मिस्सा, म्हंजे चर्चमधली प्रार्थना, आणि शेजारी पोचवायची केक-नेवऱ्यांची ताटं, जी रिकामी परत यायची नाहीत, आणि दिवाळीत तर फराळ भरून उलट यायची. एकमेकांना गिफ्टं हे खूळ नंतरचं, त्यामुळे तुम्ही काही जुनी रीत मोडत नाहीये.

बोलायचं कधी हे जास्त महत्त्वाचं. वीस डिसेंबरला बोललात तर गेलात, कारण तोवर मोठ्या नणंदेची खरेदी झालेली असते आणि मग तिने आणलं नि तुम्ही नाही, असं दिसतं. आगमनकाळ, म्हंजे नाताळच्या तयारीचे आधीचे चार आठवडे, सुरू व्हायच्या आधी बोला, म्हंजे नोव्हेंबरातच. आणि खरं सांगू का, तुम्ही बोलूच नका, नवऱ्याला बोलू द्या. बहिणी त्याच्या आहेत. त्याने ग्रुपवर एवढंच टाकावं, "यंदा मोठ्यांसाठी चिठ्ठ्या काढू, प्रत्येकाला एकच नाव, पाचशेच्या आत, पोरांचं आहे तसंच." त्या मेसेजात गरजूंचं अक्षर नको. दोन्ही एकदम आणलं की समोरच्याला वाटतं आपल्याला चांगुलपणाचा धडा देतायत, आणि सासरी तो कोणालाच नको असतो. वाचलेले पैसे तुमचे, ते कुठे गेले ते ज्याला विचारायचंय तो विचारेल.

सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस, मायराचे बिशप, मायरा म्हंजे आजच्या तुर्कस्तानात. त्यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, लग्नाच्या तीन मुली, बापाकडे हुंड्याला दमडी नाही, आणि रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत पडतात. कोणी टाकल्या ते कळू नये म्हणून रात्री. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो, गरजूंना द्यायला तोच दिवस ठरवून टाका, पंचवीस तारखेची गडबड व्हायच्या आत काम होतं.

आता द्यायचं कोणाला. पहिली सुरुवात तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींपासून, दूरचा अनाथाश्रम नंतर. त्यांच्या मुलीची फी थकलीय का ते विचारा. मग पॅरिशमध्ये, म्हंजे तुमच्या चर्चच्या हद्दीत, संत विन्सेंट दि पॉल संस्थेचे लोक असतील तर त्यांना गाठा. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर काढली, आणि लोकांच्या घरी जाऊन भेटायचं ही तिची मूळ पद्धत. कोणाचं औषध अडलंय, कोणाचं छप्पर गळतंय हे घरात गेल्याशिवाय कळत नाही.

मुलांच्या आश्रमात जायचं असेल तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा. डिसेंबरात तिथे इतके केक येतात की पोरं कंटाळतात, आणि जूनमध्ये वह्या-दप्तरांच्या वेळी कोणी फिरकत नाही. म्हणून मी म्हणेन अर्धे पैसे जूनसाठी बाजूला ठेवा. फोटो बिलकुल काढू नका, बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलांचे फोटो छापायला, ओळख उघड करायला बंदीच आहे, आणि कायदा नसता तरी केक हातात देऊन पोराला कॅमेऱ्याकडे बघ म्हणणं मला कधी पटलं नाही. वापरलेली, फाटकी, चेन तुटलेली कपड्यांची गाठोडी पण नकोत, त्याला दान नाही, कपाट आवरणं म्हणतात.

आणि हो, पावती घ्या. देणगीवरची टॅक्सची सूट, जिला लोक ८० जी म्हणतात, ती जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्यांनाच मिळते आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यांनाही नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेक बरा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. आठ वर्षांच्या लेकाची लिस्ट दोन पानी आहे! त्याला दुसऱ्यांना द्यायची सवय लावायचीय. शिवाय सासऱ्यांच्या गावातल्या शाळेला पैसे पाठवायचेत, मी अजून भारतीय पासपोर्टवर, मिस्टर अमेरिकन सिटिझन.

उत्तर : लेकाला दुकानात न्या आणि एक खेळणं दुसऱ्या मुलासाठी त्यालाच निवडू द्या. नवीन, न गुंडाळलेलं. टॉईज फॉर टॉट्स ही नाताळला गरजू मुलांसाठी खेळणी गोळा करणारी मोहीम, त्यांच्या खोक्यात तसंच लागतं. अमेरिकन सैन्यातल्या मरीन कोअरच्या राखीव दलाने हे १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलं, बिल हेंड्रिक्स नावाच्या मेजरच्या बायकोला घरी बनवलेली एक बाहुली गरजू मुलाला द्यायची होती आणि ती घेणारी संस्थाच सापडेना, त्यावरून. मोठ्या पोरांसाठी, तेरा-चौदा वर्षांच्या, कमी वस्तू येतात, तेव्हा एखादा बास्केटबॉल घेतलात तर उत्तम. फूड बँकेला मात्र डबे देण्यापेक्षा डॉलर द्या, ते घाऊक घेतात, तेवढ्याच पैशात जास्त येतं.

शाळेचे पैसे तुमच्या खात्यातून, तुमच्या नावावर, बँकेमार्फत पाठवा. भारतीय नागरिकाची स्वतःची कमाई परदेशी देणगी धरत नाहीत. मिस्टरांनी पाठवले तर ते परदेशी ठरतात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, आणि मग त्या शाळेच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हंजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, नाहीतर बिचारे मास्तर कागदपत्रांत अडकायचे. अमेरिकेतल्या टॅक्समध्ये मात्र थेट गावच्या शाळेला दिलेल्याची सूट मिळत नाही, त्याची आशा सोडा.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे. टीममध्ये सिक्रेट सांता आहे, लिमिट हजार रुपये. मला नाही परवडत, सांगायची पण लाज वाटते.

उत्तर : मॅनेजरला एकट्यात सांग की लिमिट तीनशे करूया, मी पैज लावते अजून चार जण मनातून हुश्श म्हणतील. नाहीच ऐकलं तर त्या दिवशी सुट्टी टाक.