एवढ्या मोठ्या देवमाशाला जहाज येताना कळत नाही का? तो बाजूला का होत नाही?

अगदी हेच माझ्या एका कॅप्टनसाहेबांनी मला विचारलं होतं. त्यांना उत्तर नको होतं. "अरे, एवढं मोठं धूड, होईल की बाजूला!" म्हणून त्यांनी विषय संपवला होता. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

मी तेव्हा कंटेनर जहाजावर सेकंड ऑफिसर. न्हावा शेवा ते सिंगापूर. पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाचा मार्ग, आखणं माझं काम. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्रा हेडजवळ, जहाजांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्या किनाऱ्याला इतक्या लागून आहेत की त्या निळ्या देवमाशांच्या खाण्याच्या जागेतूनच जातात. मिरिसाहून पर्यटकांच्या बोटी देवमासे बघायला जातात, तेच पाणी. हाच मार्ग 15 सागरी मैल दक्षिणेला नेला तर धडकेचा धोका जवळपास 95 टक्के कमी होईल, असं अभ्यासकांनी मांडलं होतं. मी प्लॅन तसाच काढला. जादा वेळ अर्ध्या तासाच्या आत. साहेबांनी माझी कोर्सलाइन (नकाशावरची मार्गाची रेषा) खोडली आणि पुन्हा पट्टीत आणून ठेवली. "चार्टररला ईटीए तू सांगणार आहेस का?" चार्टरर म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, ईटीए म्हणजे पोहोचायची अपेक्षित वेळ.

बारा ते चारचा वॉच (पाळी), लख्ख ऊन. समोर दीडेक मैलावर सरळ उंच फवारा उडाला. दुर्बीण लावली तर पाण्याखाली फिकट फिरोजी रंगाचा लांबच लांब पट्टा, मग पाठ, ती संपता संपत नाही, आणि अगदी शेवटी एवढासा पर. आमचा वेग 18 नॉट्स (तासाला 18 सागरी मैल), म्हणजे हातात पाच मिनिटं. तो जागचा हलेना. आजूबाजूची जहाजं बघितली, हँड स्टिअरिंग घेतलं आणि दहा अंश स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे, वळवलं. डेकवर कंटेनर रचलेले असले की नाकासमोरचं पाणी ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात तिथून) दिसत नाही. 500 मीटरपर्यंत न दिसणं नियमातही बसतं. त्याच पट्ट्यात तो गडप झाला. मी पोर्ट विंगवर, म्हणजे ब्रिजच्या डाव्या टोकाला, धावलो. आमच्या बाजूलाच वर आला तो, श्वास सोडल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. साहेब ब्रिजवर आले ते "कोर्स कुणाला विचारून बदललास?" असं ओरडतच.

तर, कळतं की नाही? प्रोपेलर मागे असतो. त्याचा आवाज मागे आणि बाजूंना पसरतो, पुढे मात्र जहाजाचं धडच आड येतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त धोका, तिथेच आवाज कमी. कॅलिफोर्नियाजवळ निळ्या देवमाशांना यंत्रं चिकटवून पाहिलं, तर जहाज जवळ येताना ते बाजूला पळत नाहीत, सावकाश खाली जातात. सावकाश जाऊन 18 नॉट्सपुढे काय होणार? आणि आपल्याला धक्काही जाणवत नाही. 2012 मध्ये कोलंबो बंदरात एक जहाज आलं, त्याच्या नाकावर निळा देवमासा आडवा अडकलेला होता.

वेगाचं म्हणाल तर 10 नॉट्सच्या आसपास आलं की देवमासा वाचण्याची शक्यता बरीच वाढते. अमेरिकेने 2008 साली राइट व्हेल जातीच्या देवमाशांसाठी पूर्व किनाऱ्यावर ठरावीक भागांत, ठरावीक हंगामात, 65 फूट आणि त्याहून लांब जहाजांना हीच मर्यादा घातली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या हौराकी आखातात कायदा न करता कंपन्यांनी वेग उतरवला आणि तिथले ब्राइड देवमासे धडकेने मरणं जवळजवळ थांबलं.

2022 मध्ये एमएससी या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर कंपनीने आपली जहाजं आपणहून डोंड्राजवळच्या नेहमीच्या मार्गाच्या 15 मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. माझी खोडलेली रेषा तीच होती! त्यांचे ईटीए कोसळले नाहीत.

सगळेच कॅप्टन असे नसतात, हेही सांगतो. शिवाय जाळ्यांत आणि दोरांत अडकूनही देवमासे फार मरतात. मी केलं तसं वळवणं दरवेळी जमणार नाही. शेजारी जहाज असेल तर मुळीच करू नका, आणि रात्री तर देवमासा दिसतच नाही. म्हणून म्हणतो, मार्गच बदला. नवीन सेकंड ऑफिसर कुणी वाचत असेल तर दोन्ही प्लॅन काढा, जादा मैल, मिनिटं आणि इंधन कागदावर मांडा आणि निघायच्या आधी मास्टरपुढे, म्हणजे कॅप्टनपुढे, ठेवा. "होईल की बाजूला" असं उत्तर आलं, तर एमएससीचं नाव घ्या.